२०२४मधली तुमची एक ॲनिमे मालिका आणि एक चित्रपट : कारणासकट सांगा

अवकाळी

नमस्कार मंडळी.

जपानी ॲनिमेशन म्हणजेच ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या सेवेच्या पुरस्कारांत २०२४ची सर्वोत्तम मालिका म्हणून 'सोलो लेव्हलिंग'चं नाव जाहीर झालं आणि तेव्हापासून जिकडे बघावं तिकडे तोच वाद चालू आहे. निवड बरोबर की चूक, यावर शेकडो प्रतिसाद वाचून झाले. त्यात एक गोष्ट मात्र सापडेना. लिहिणाऱ्याला स्वतःला काय आवडलं आणि का आवडलं, हे कोणी सांगतच नाही. म्हणून हा धागा.

एकच मालिका आणि एकच चित्रपट निवडा. 'कथा छान', 'ॲनिमेशन भारी' एवढ्यावर सोडू नका. कुठल्या दृश्यापाशी ती कलाकृती तुमची झाली ते लिहा. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनाही वाचावंसं वाटलं पाहिजे. रहस्यभेद होणार असेल तर आधी सांगा.

वर्षाचा हिशोब जपानमधल्या पहिल्या प्रदर्शनावरून धरू. त्यामुळे 'द बॉय अँड द हेरन' बाहेर, कारण ऑस्कर मार्च २०२४मध्ये मिळालं असलं तरी तो जपानमध्ये १४ जुलै २०२३लाच लागला होता. 'फ्रीरेन' मार्च २०२४पर्यंत चालली, पण सुरू झाली सप्टेंबर २०२३मध्ये, तेव्हा तीही बाहेर. मला ती अतिशय प्रिय आहे, पण ती आत घेतली तर निम्मे प्रतिसाद तिच्यावरच येतील.

सुरुवात माझ्यापासून. मालिका : 'डंजन मेशी'. र्योको कुई यांची मांगा (जपानी चित्रकथा), ट्रिगर स्टुडिओ, २४ भाग. नायक लायोसच्या बहिणीला, फालिनला, तळघरातला लाल ड्रॅगन गिळतो. ती त्याच्या पोटात पचून जायच्या आत परत खाली पोचायचं आहे आणि हातात पैसा नाही. मग वाटेत भेटतील ते राक्षस मारायचे आणि शिजवून खायचे. एवढ्या कल्पनेवर दुसऱ्या कोणी चार भाग हसवलं असतं आणि विषय संपवला असता. इथे चालत्या चिलखताच्या आत गोगलगायीच्या जातीचे मऊ जीव वसाहत करून राहतात आणि त्यांच्या हालचालीने चिलखत चालतं, इतका खोल विचार केलेला आहे. माझी निवड पक्की झाली ती सेन्शीमुळे. हा ड्वार्फ, म्हणजे परीकथांतल्या बुटक्यांपैकी एक, वर्षानुवर्षं तळघरात राहतोय. गोलेम म्हणजे जादूने चालणारे मातीचे पुतळे, त्यांच्या अंगावर तो भाजीपाला पिकवतो, काढणी झाली की गोलेम पुन्हा उभे करून कामाला लावतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे संडास तोच साफ ठेवतो आणि त्याचंच खत वापरतो. बाकीचे सगळे तळघरात काहीतरी न्यायला येतात. हा एकटा तिथली घडी राखतो. कोणी राखायला सांगितलेली नसताना राखतो. राक्षसांच्या गोष्टीत मी असा माणूस याआधी पाहिला नव्हता.

चित्रपट : नाओको यामादा यांचा 'द कलर्स विदिन'. त्याबद्दल खाली लिहीन. आधी तुमचं येऊ द्या.


रात्रपाळी

मी 'सोलो लेव्हलिंग'च लिहिणार. मला ती पुरस्काराच्या आधीपासून आवडते, त्यामुळे मत बदलायचं कारण नाही.

पहिले दोन भाग पुन्हा बघा. जिनवू सगळ्यांत खालच्या दर्जाचा शिकारी. त्याला स्वतःला माहीत आहे, बाकीच्यांना माहीत आहे, तरी आईच्या उपचारांसाठी आणि बहिणीच्या शिक्षणासाठी तो रोज जीव धोक्यात घालायला जातो. त्या मूर्तींच्या दालनात जे घडतं ते बघताना मी जागेवरून हललो नव्हतो. पुढे तो बलवान होत जातो यावर लोक टीका करतात. मला ते बघायला आवडतं आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. खूप दमलेल्या माणसाला कष्टाचं फळ डोळ्यांसमोर वाढताना दिसलं की बळ येतं.

माझा आवडता भाग ११वा. रिकामं सिंहासन आणि त्याची राखण करत उभा असलेला लाल चिलखतातला सरदार. गादीवर कोणी नाही, तरी पहारा चालूच. हिरोयुकी सावानो यांचं संगीत त्या झुंजीला जे वजन देतं ते हेडफोन लावून ऐका.

आणखी एक. ही कथा मुळात कोरियन, लेखक चुगोंग. पण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जो जिनवू आहे तो चित्रकार जांग सुंग-राक यांच्या हातचा. ते जुलै २०२२मध्ये गेले. जानेवारी २०२४मध्ये पहिला भाग आला तो त्यांना बघता आला नाही. मला प्रत्येक भागाला त्यांची आठवण येते.

चित्रपट : 'हायक्यू!!'चा कचराडेपोच्या लढाईवाला. ८५ मिनिटं, व्हॉलीबॉलचा एकच सामना. शेवटची रॅली आपण केन्मा या खेळाडूच्या डोळ्यांतून बघतो. कॅमेरा त्याच्या डोक्यात. धाप, बुटांचा चरचराट, चेंडू कुठून येतोय ते शोधणारी नजर. आयुष्यभर 'मला फारसं काही वाटत नाही' म्हणणाऱ्या मुलाच्या आत शिरून खेळ बघायचा. बास, एवढं पुरे.


जुळारी

रहस्यभेद आहे, 'ऑर्ब'चाही आणि 'लुक बॅक'चाही. ज्यांना दोन्ही कोरे बघायचे आहेत त्यांनी माझा प्रतिसाद सोडून पुढे जावं, मी आनंदाने सोडू देईन.

अवकाळी, 'ऑर्ब' ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२५मध्ये संपली, म्हणजे तुमच्या हिशोबात बसते. मालिका तीच. चित्रपट 'लुक बॅक'. दोन्हींमागचं कारण एकच आहे, म्हणून एकत्र लिहिते.

मी मुद्रितशोधन करते. प्रुफं वाचणं हाच माझा व्यवसाय. दुसऱ्याचा मजकूर माझ्या हातून जातो, माझ्या आधी तो टंकलेखकाच्या हातून गेलेला असतो, माझ्यानंतर छपाईवाल्यांच्या हातून जातो, आणि मग तो वाचकाकडे पोचतो. मला या साखळीत असण्याचा अभिमान आहे. पण या साखळीची गोष्ट कोणी सांगत नाही. गोष्टी असतात त्या पहिल्या माणसाच्या, ज्याला सुचलं त्याच्या. २०२४मध्ये दोन कलाकृतींनी साखळीची गोष्ट सांगितली, आणि तीही अशी की माझ्या कामाकडे बघण्याची माझी नजर बदलली.

'ऑर्ब' ही उओतो यांची मांगा. २०२२ साली तिला तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्काराचा सर्वोच्च मान मिळाला. २५ भागांची मालिका मॅडहाउस स्टुडिओने केली, दिग्दर्शक केनिची शिमिझु. पंधराव्या शतकातला युरोप. देशाचं नाव नुसतं 'पी', धर्माचं नाव नुसतं 'सी'. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मानणाऱ्यांना पकडून छळतात, जाळतात. खऱ्या इतिहासात त्या शतकात असं सर्रास घडल्याचा पुरावा नाही. कोपर्निकसचा ग्रंथच मुळी १५४३चा. नावं झाकलेली आहेत ती म्हणूनच. हा इतिहासाचा धडा नाही, 'असं झालं असतं तर' आहे, आणि शेवटी मालिका स्वतःच खऱ्या इतिहासाशी आपली गाठ कशी घालते ते बघण्यासारखं आहे.

पहिले ३ भाग राफालचे. १२ वर्षांचा हुशार मुलगा. जगाला काय ऐकायचं असतं ते ओळखून तेच बोलत आलेला. त्याला एक पाखंडी भेटतो, ह्युबर्ट. आणि आकाशाचं जे गणित इतकं किचकट होतं ते सूर्य मध्ये ठेवला की किती सुंदर होतं, हे त्या मुलाला दिसतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी राफाल मरतो. मला वाटलं होतं तो नायक आहे. त्याच्यामागे उरते डोंगरात लपवलेली दगडी पेटी, त्यात ठेवलेलं संशोधन. मग कथा १० वर्षं पुढे उडी मारते आणि पूर्ण अनोळखी माणसं येतात. या मालिकेला नायक नाहीच. नायक कोण असेल तर ती पेटी.

दुसऱ्या पर्वातला ओक्झी मला सगळ्यांत जवळचा. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने द्वंद्व लढणारा, निरक्षर, आकाशाकडे बघायला घाबरणारा माणूस. त्याला लहानपणापासून शिकवलंय की पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी आहे, म्हणजेच सगळ्यांत तळाशी, सगळ्यांत घाणेरड्या जागी. आजच्या आपल्या डोक्यात केंद्र म्हणजे मान असं असतं. त्या काळच्या विश्वरचनेत केंद्र म्हणजे गाळ. पृथ्वी फिरते असं म्हटल्याबरोबर ती इतर ताऱ्या-ग्रहांच्या पंक्तीला जाऊन बसते. सूर्यकेंद्री सिद्धांत म्हणजे माणसाचा मान कमी करणारी गोष्ट, असंच मी आजवर वाचत आले होते. इथे तोच सिद्धांत एका गांजलेल्या माणसाला मान वर करायला लावतो.

ओक्झीची नजर अतिशय तीक्ष्ण. म्हातारे सरदार पियास्त आयुष्यभर पृथ्वीकेंद्री मांडणीवर काम करत आले आहेत. त्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या पट्ट्यात असतो, त्यामुळे तो कधीच पूर्ण बिंबासारखा भरलेला दिसू शकत नाही. ओक्झी वर बघतो आणि शुक्र भरलेला आहे असं सांगतो. प्रत्यक्षात शुक्राच्या कला बघायला १६१० साल आणि गॅलिलिओची दुर्बीण यावी लागली, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी हे दिसणं ही कथेने घेतलेली मोकळीक आहे. ती घेतली म्हणून मी कथेची ऋणी आहे. कारण पुढे पियास्त काय करतात ते बघा. ज्या एका वाक्याने जन्मभराचं काम कोसळलं, ते वाक्य ऐकून हा म्हातारा आपल्या संस्थेतली सगळी निरीक्षणं, सगळी दप्तरं या परक्यांपुढे उघडी करतो. विद्वत्तेचं इतकं मोठं दर्शन मी कुठल्याही पडद्यावर पाहिलेलं नाही.

आता अक्षरांचा भाग. योलेंटा ही मुलगी ओक्झीला सांगते की लिहिता-वाचता येणं हा चमत्कार आहे, शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं बोलणं ऐकून आपण हसतो, रडतो, आपलं मन बदलतं. ओक्झी लिहायला शिकतो आणि स्वतःचं पुस्तक लिहितो. बादेनी हा गर्विष्ठ संन्यासी सुरुवातीला म्हणत असतो की असल्या माणसांनी लिहू नये, जगात टाकाऊ मजकूर वाढतो. तोच बादेनी पुढे ओक्झीचा मजकूर गरिबांच्या डोक्यांवर गोंदवून ठेवतो. केस वाढले की मजकूर झाकला जातो, पण नष्ट होत नाही. स्वतःचं संशोधन वाचवण्याआधी दुसऱ्याचं साधं पुस्तक वाचवतो. मी हा भाग बघितल्यावर समोर पडलेलं प्रूफ बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी काम केलं नाही.

रात्रपाळी, जांग सुंग-राक यांच्याबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. 'लुक बॅक'कडे मी तिथूनच येते.

तात्सुकी फुजिमोतो यांची ही कथा १९ जुलै २०२१ला प्रसिद्ध झाली. चित्रपट २८ जून २०२४ला आला, लांबी फक्त ५८ मिनिटं. कियोताका ओशियामा यांनी पटकथा लिहिली, पात्रं रेखाटली, दिग्दर्शन केलं आणि पुष्कळशी चित्रं स्वतः काढली. फुजिनो चौथीत असताना शाळेच्या वार्तापत्रात चार चौकटींच्या चित्रकथा काढते, वर्ग तिचं कौतुक करतो. मग शेजारी क्योमोतोची चित्रं छापून येतात. ही मुलगी शाळेतच येत नाही. तिच्या चित्रांत माणसं नाहीत, गंमत नाही, फक्त जागा आहेत. रिकामा वर्ग, रिकामी वाट, आणि ते इतकं अचूक की फुजिनोची रेघ एकदम लहान मुलीची वाटू लागते. त्यानंतर फुजिनोची पाठ, टेबल, खिडकीबाहेर बदलणारे ऋतू. चित्रपट आपल्याला तिचा चेहरा दाखवत नाही. काम करणारा माणूस पाठीमागून असाच दिसतो.

पुढे दोघी भेटतात आणि एकाच टोपणनावाने मांगा काढू लागतात, फुजिनो क्यो. माणसं फुजिनोची, पार्श्वभूमी क्योमोतोची. मांगा वाचताना झाड कोणी काढलं, जिना कोणी काढला, हे कोण विचारतं? या चित्रपटाने विचारायला लावलं. आणि ओशियामांनी पडद्यावरही तसंच केलं. चित्रकाराच्या मूळ रेघा, त्यांचा खरखरीतपणा, दाब कमी-जास्त झालेला, हे सगळं त्यांनी पुसून गुळगुळीत केलं नाही. हाताने काढलंय ते हाताचं दिसतं.

उत्तरार्धात काय घडतं ते बहुतेकांना माहीत आहे : क्योमोतोच्या कलाशाळेत एक माणूस हल्ला करतो आणि त्यात ती जाते. क्योतो ॲनिमेशनच्या स्टुडिओला आग लावली गेली ती १८ जुलै २०१९ला, त्यात ३६ माणसं गेली. कथा प्रसिद्ध झाली तो दिवस बघा, म्हणजे पुष्कळ वाचकांनी ती कोणाची आठवण म्हणून वाचली ते कळेल. त्या ३६ जणांतल्या किती जणांची नावं आपल्याला श्रेयनामावलीत वाचल्याचं आठवतं? मी त्या दिवसापासून श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचते, जपानी येत नाही तरी नावांच्या लिप्यंतरित याद्या शोधून वाचते. पार्श्वभूमी, रंग, मधल्या हालचाली भरणारे, तपासणारे. मला तिथे माझे लोक दिसतात.


काळी_दोन

जुळारी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. क्योतो ॲनिमेशनचा विषय निघालाच आहे, तर मी माझी मालिका त्याच स्टुडिओची लिहितो : 'साउंड! युफोनियम'चा तिसरा मोसम. एप्रिल ते जून २०२४, १३ भाग, दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. पहिला मोसम २०१५चा. म्हणजे मधे आग होऊन गेली आणि तरी त्यांनी शाळेच्या बँडमधल्या कुमिकोला, नायिकेला, तिसऱ्या वर्षापर्यंत आणून सोडलं.

मी वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतो, म्हणून या मालिकेकडे मी कडक परीक्षकासारखा बघतो. वाद्य धरायची पद्धत, श्वास घेताना खांदे कुठे असतात, ताल चुकला की शेजारचा कसा बघतो, सगळं खरं आहे. पण मी लिहिणार आहे १२व्या भागाबद्दल. रहस्यभेद.

कुमिको आता बँडची अध्यक्ष. जो चांगला वाजवेल तो पुढे, ज्येष्ठता बघायची नाही, हे तत्त्व ती पहिल्या वर्षापासून मानत आलीय आणि वर्षभर सगळ्यांना तेच सांगतेय. नवीन आलेली मायू तिच्याइतकीच, कदाचित जास्त चांगलं युफोनियम (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) वाजवते. राष्ट्रीय स्पर्धेतल्या एकल भागासाठी निवड पडद्यामागून, वाजवणारी कोण हे न बघता, सगळ्या सदस्यांच्या मतांनी. मतं समान पडतात. शेवटचं मत रेनाचं, कुमिकोच्या जिवलग मैत्रिणीचं. रेनाला पडद्यामागची कुमिको ओळखू येत नाही असं होऊच शकत नाही. ती ओळखते, आणि मायूला मत देते.

अयानो ताकेदा यांच्या मूळ कादंबरीत कुमिको जिंकते. मालिकेने ते बदललं. मला हा बदल २०२४मधला सगळ्यांत धाडसी निर्णय वाटतो. रेनाने मैत्रीण बघून मत दिलं असतं, तर दोघींनी ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं घासली ती गोष्टच खोटी ठरली असती. हरल्यावर कुमिको सगळ्यांसमोर उभी राहते आणि हीच आपली सर्वोत्तम टीम आहे असं म्हणते. आवाज फुटत नाही. फुटतो तो नंतर, दाइकिची डोंगरावर, रेनासमोर. त्या दृश्यात दोघी जशा रडतात तसं रडणं चित्रात काढता येतं हेच मला नवं होतं.

चित्रपटासाठी अवकाळींना अनुमोदन, 'द कलर्स विदिन'. आणि यानिमित्ताने एक नाव : केन्सुके उशियो. या चित्रपटाचं संगीत त्यांचं. 'दांदादान'चं संगीत त्यांचं. जुळारींच्या 'ऑर्ब'चंही त्यांचंच. तिन्ही एकाच वर्षातली. एकीकडे भुताखेतांची धावपळ, दुसरीकडे मेणबत्तीच्या उजेडातल्या छळकोठड्या, तिसरीकडे जुन्या चर्चमध्ये तीन मुलांचा बँड, त्यातला एक चक्क थेरेमिन, हात न लावता वाजवायचं विजेचं वाद्य, वाजवणारा. या तिघांना एकच माणूस आवाज देतो आणि कुठेही एकाचा वास दुसऱ्याला येत नाही.


कागदी_होडी

अवकाळी, एक विनंती. 'तोत्तोचान'चा चित्रपट जपानमध्ये ८ डिसेंबर २०२३ला लागला. तुमच्या नियमाने तो बाहेर. पण फ्रान्समधल्या ॲनसी ॲनिमेशन महोत्सवात त्याला पॉल ग्रिमो पुरस्कार मिळाला तो २०२४मध्ये, आणि जगातल्या बहुतेकांना तो त्यानंतरच कळला. मराठी वाचकांच्या पिढ्या ज्या पुस्तकावर वाढल्या त्याचा चित्रपट आणि आपल्या धाग्यावर त्याचं नाव नाही, हे मला सहन होणार नाही. नियम वाकवा.

पुस्तक वाचलेल्यांना सगळं माहीत आहे : रेल्वेच्या डब्यातले वर्ग, कोबायाशी सर, पोलिओ झालेल्या यासुआकीला झाडावर चढवणं. शिन्नोसुके याकुवा यांनी पुस्तकात नसलेलं जे दाखवलं त्याबद्दल लिहिते. युद्ध या चित्रपटात कोणी बोलून दाखवत नाही. ते कडेने येतं. जेवणाच्या डब्यातलं जिन्नस कमी होतं, कपड्यांचे रंग उतरतात, स्टेशनवरचा ओळखीचा माणूस दिसेनासा होतो. भुकेली मुलं रस्त्यात 'नीट चावून खा'चं गाणं म्हणायला लागतात तर एक मोठा माणूस त्यांना दटावतो. मग पावसात, तोंडाने एक शब्द न काढता, तोत्तोचान आणि यासुआकी पाण्यात पाय आपटून त्याच गाण्याचा ताल धरतात. आणि शेवटाकडे तोत्तोचान धावते. सैनिकांना निरोप देणाऱ्या गर्दीतून, झेंड्यांतून, युद्ध-युद्ध खेळणाऱ्या पोरांतून ती उलट्या दिशेने धावते आणि वाटेत जे दिसतं ते सगळं तिला, आणि आपल्याला, पहिल्यांदा दिसतं. तेत्सुको कुरोयानागी यांनी कितीतरी वर्षं या पुस्तकावर चित्रपट करू दिला नव्हता. का थांबल्या होत्या आणि का हो म्हणाल्या, दोन्ही मला या एका धावण्यात कळलं.

मालिका 'दांदादान', आणि त्यातला फक्त ७वा भाग. भूत झालेल्या त्या आईची गोष्ट. लेकीसाठी नाचणारी आई. बाकी मालिका मला दमवते, पण या भागासाठी मी सायन्स सारू स्टुडिओला शंभर गुन्हे माफ करीन.

काळी_दोन, युफोनियमच्या १२व्या भागाबाबत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तत्त्व म्हणून बदल बरोबर असेल. पण मी कादंबरी वाचत इथवर आले होते. तिथे कुमिको जिंकते तेव्हा तिच्या जिंकण्यालाही किंमत आहे, मायूच्या वाट्याला आलेलं दुःख आहे, आणि ते कुमिकोला बघावं लागतं. हरलेल्या नायिकेला मोठं दाखवणं सोपं असतं. जिंकलेली मुलगी दुसरीच्या डोळ्यांत बघते ते दाखवणं अवघड होतं आणि तीच संधी मालिकेने सोडली.


अवकाळी

कागदी_होडी, नियम वाकवला. तोत्तोचान आत. ते पावसातलं दृश्य मलाही विसरता येत नाही.

'द कलर्स विदिन'बद्दल लिहीन म्हटलं होतं. तोत्सुकोला माणसं रंगांच्या रूपात दिसतात, पण स्वतःचा रंग दिसत नाही. कोणी वाईट नाही, मोठा संघर्ष नाही, त्यामुळे काहींना तो रिकामा वाटला. मला त्यातला वागण्यातला हळुवारपणा हाच संघर्ष वाटतो. आजीला शाळा सोडल्याचं सांगता न येणारी किमी, आईला संगीताबद्दल सांगता न येणारा रुइ, ही मुलं प्रेमापोटीच लपवतात. शेवटच्या कार्यक्रमात तिघं गातात तेव्हा लपवलेलं सगळं आपोआप बाहेर येतं आणि कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गाणी ऐकायला म्हणून तरी बघा.

जुळारी, 'ऑर्ब' आजपासून सुरू करतोय. तुमचा प्रतिसाद रहस्यभेदाची सूचना देऊनही वाचला, आणि बरं केलं असं वाटतंय.


जुळारी

अवकाळी, बघताना खोलीतले दिवे मालवा. रात्रीची दृश्यं फार अंधारी आहेत, उजेडात निम्मं चित्र हरवतं. आणि नोवाककडे लक्ष ठेवा. पाखंड्यांना छळणारा हा माणूस घरी अतिशय प्रेमळ बाप आहे. केन्जिरो त्सुदा यांनी त्याला जो आळसावलेला, कंटाळलेला आवाज दिलाय त्याने माझी झोप उडाली होती. आरडाओरडा करणारा खलनायक परवडला.

सेन्शीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून 'डंजन मेशी' मी यादीत वर घेतली. घडी राखणारा माणूस म्हणजे माझ्याच साखळीतला.

कागदी_होडी, काळी_दोन, तुमच्या वादात मी अर्धी-अर्धी आहे. कादंबरी मी वाचलेली नाही.


काळी_दोन

कागदी_होडी, मुद्दा रास्त आहे, आणि मायूच्या बाजूने असा विचार मी केला नव्हता. तरी माझं मत टिकून आहे, कारण १३वा भाग. राष्ट्रीय स्पर्धेत ते वाजवतात तेव्हा एकल भाग मायूचा आणि कुमिको आपल्या जागी बसून बाकीची सुरावट वाजवते. नंतर आपल्याला मोठी झालेली कुमिको दिसते, त्याच शाळेत, बँडची सहायक मार्गदर्शक. पुढे जिला दर वर्षी कोणाला तरी 'तुझी निवड झाली नाही' असं सांगायचं आहे, तिने स्वतः तो पडदा दुसऱ्या बाजूने पाहिलेला असणं मला आवश्यक वाटतं. कादंबरीतली कुमिकोही चांगली शिक्षिका होईल. पण न निवडलेली मुलगी रडत तिच्याकडे आली, तर मालिकेतल्या कुमिकोला काय बोलायचं ते माहीत असेल.

तुम्ही कादंबरीतला तो प्रसंग, मायूच्या डोळ्यांत बघण्याचा, जरा सविस्तर लिहाल का? मला वाचायचाय.